गारठ्याचे वय

१

आईमाशांच्या हौदावर त्या सकाळी कोणी मोठ्याने बोलत नव्हते. दोन आठवडे रोज थोडे थोडे मासे मरत होते आणि आज उरलेलेही गेले. थंड पाण्यातले ते ठिपक्यांचे, हातभर लांबीचे मासे पोट वर करून तरंगत होते. यांच्याच अंड्यांवर सगळे मत्स्यपालन चालायचे. लहान मासा मेला तर एक मासा जातो, आईमासा मेला तर पुढची सगळी वर्षे जातात.

माशांच्या रोगांच्या प्रयोगशाळेतली डॉक्टरीण काठावर उकिडवी बसून एकेक मासा उलटासुलटा करून पाहत होती. प्रयोगशाळेत तिला पाठीमागे ‘खडूस’ म्हणत. तिला ते ठाऊक होते आणि मनापासून आवडायचेही, कारण खडूस बाईला कोणी निरोपसमारंभात भाषण करायला लावत नाही.

माशांचे कल्ले साफ होते. खवलेही जागच्या जागी. जखमा होत्या त्या पोटाला, आतून सडत बाहेर आलेल्या. आणि प्रत्येकाच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा पर कातरलेला होता.

“हा कातरलेला कशाने?”

“खूण आहे,” मत्स्यपालनाची मालकीणबाई म्हणाली. “दरवर्षी आईमाशांना लस टोचतो. टोचलं की पर जरासा कातरायचा, म्हणजे ताजा काप पाहून एकीला दोनदा टोचलं जात नाही.”

मेलेल्यांच्या खालून एक मादी मात्र शांतपणे फेऱ्या मारत होती. तिचा जबडा वाकडा होता आणि छोटा पर शाबूत, ताठ उभा. डॉक्टरणीने तो पाहिला आणि सोडून दिला. शहाणी माणसेही अशी समोरची गोष्ट सोडून देतात.

“गारठ्या,” हातमोजे काढत ती म्हणाली.

हे त्या जीवाणूचे प्रयोगशाळेतले लाडके नाव. गार पाण्यात तो बहरतो, ऊब लागली की वाढ खुंटते. शास्त्रातले लांबलचक नाव घेताना जीभ अडखळायची, म्हणून सगळे गारठ्याच म्हणत. चार वर्षांपूर्वी तो याच हौदांत आला होता, तेव्हाही तीच आली होती.

“गारठ्याच ना? मग झालं तर,” मालकीणबाई म्हणाली. “कोणी आणला तेही ठाऊक आहे. तात्यानं. माझ्याकडे आयुष्य काढलं त्यानं, आणि शेवटी हे दिवे लावले. कबूल केलंय त्यानं स्वतः.”

“गुन्हेगारानं कबुली दिली असेल तर मला कशाला त्रास दिलात?”

“माझी मुलगी ऐकत नाही. म्हणते, पक्कं झाल्याशिवाय त्याला घराबाहेर काढायचं नाही. तुम्ही पक्कं करा. मग मी त्यांना खोली रिकामी करायला सांगते.”

२

तात्या म्हणजे मासे राखणारा. मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको राहत. डॉक्टरीण गेली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. अंगावर पांघरूण होते, पायात कामावरचे मोजेही तसेच होते.

“चार दिवस पोटात अन्न नाही,” बायको दारातच कुजबुजली. “पाणी तेवढं घेतात. ताई, मी घरातली दोरी, औषधं, सगळं शेजारणीकडे नेऊन ठेवलंय. कपडे वाळत घालायलासुद्धा दोरी ठेवली नाही.”

मेलेले मासे डॉक्टरणीने हजारोंनी पाहिले होते, त्यांच्यासाठी रडायला तिच्याकडे वेळ नसे. पण त्या भिंतीकडे वळलेल्या पाठीकडे तिला बघवेना.

“तात्या, मी माशांची डॉक्टरीण. मागच्या वेळी तुम्हीच मला जाळं धरायला शिकवलं होतं, आठवतं?”

पाठ न वळवता तो म्हणाला, “मीच आणला, बाई. लिहून टाका.”

“कसा आणलात, ते तर सांगा.”

“टेकडीपलीकडे भावाचं तळं आहे. त्याच्याकडे गारठ्या कायमचाच. नातू झाला म्हणून बघायला गेलो. परत आलो ते तसाच आत शिरलो. दारातल्या औषधाच्या कुंडीत बूट बुडवायचे असतात, ते बुडवले नाहीत.”

“नक्की नाही बुडवलेत?”

“मालकीणबाईंच्या जावईबापूंनी विचारलं, ‘तात्या, भावाकडून आलास तेव्हा बूट बुडवलेस का?’ मी आठवायला गेलो तर आठवेना. रोज बुडवतो, पण त्या दिवशी बुडवल्याचं काही केल्या डोळ्यांसमोर येईना. म्हणजे नसणारच बुडवले.”

डॉक्टरणीला वाटले, आज सकाळी दाराला कडी लावलीस का असे कोणी मला विचारले तर मलाही आठवणार नाही.

उठता उठता तिचा हात कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीला लागला. पेटी ऊबदार होती. काचेच्या दाराआड अंडी मांडलेली होती.

“कोंबडीची आहेत,” तात्याची बायको म्हणाली. “आमची खुडूक कोंबडी मेली. जावईबापूंनी ही पेटी दिली, म्हणाले, यात पिल्लं निघतील. देवमाणूस आहे. सगळ्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं, ते मात्र रोज येऊन तात्यांची चौकशी करतात.”

३

टेकडीपलीकडचा भाऊ तिला पाहून आधीच बाह्या सरसावून उभा राहिला. तो पूर्वी याच मालकीणबाईकडे कामाला होता आणि दोघांचे कडाक्याचे भांडण होऊन बाहेर पडला होता.

“माझ्यावर खापर फोडायला आलात ना? या, बसा, आरामात फोडा.”

“मासे दाखवा आधी. खापर कुणावर ते नंतर बघू.”

“भांडण माझं आहे त्या बाईशी. त्यात तात्याचं घर जाळीन का मी?” तो गुरगुरला, पण चार आजारी मासे मात्र स्वतः पकडून दिले. त्याच्या माशांना जखमा होत्या त्या शेपटीला आणि कल्ल्यांना. नेहमी होतात तशाच, बाहेरून आत जाणाऱ्या.

परतताना ती लसीच्या खोलीत शिरली. ही खोली जावयाची. लग्नाआधी तो माणसांच्या हॉस्पिटलातल्या प्रयोगशाळेत होता. रक्त, थुंकी, लघवी तपासून कंटाळला आणि सासूबाईंच्या माशांत आला. मृदू बोलणारा, नीटनेटका माणूस. प्रत्येक बाटलीवर सुवाच्य चिठ्ठी.

“चार वर्षांपूर्वीचा गारठ्या मी डीप फ्रीजरमध्ये जपून ठेवलाय,” तो म्हणाला. “दरवर्षी त्यातला थोडा वाढवतो, फॉर्मलिन घालून मारतो आणि तोच मेलेला टोचतो. जिवंताशी गाठ पडायच्या आधी माशाच्या अंगाला त्याची ओळख होते.”

“नीट मेलाय याची खात्री?”

“हॉस्पिटलातली शिस्त आहे, मॅडम. लसीचा थेंब जंतूंच्या खाद्याच्या बशीत पसरायचा, बशी जंतू वाढवायच्या पेटीत ठेवायची. काही उगवलं नाही की लस पक्की. चार वर्षांत एकदाही काही उगवलेलं नाही.”

ओट्यावर एक पेटी होती. तिने दार उघडले. आत छान गार होते, गारठ्याला मानवेल असे. पेटीखाली ओट्याचा रंग मात्र आजूबाजूपेक्षा उजळ होता आणि तो उजळ चौकोन पेटीहून बराच मोठा होता. पेटीच्या एका पायाला पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा चिकटून राहिला होता.

“नवीन घेतलीत वाटतं?”

“छे! पहिल्यापासून हीच. पुसूनपासून ठेवतो, म्हणून तशी वाटते.”

“यंदाच्या लसीतली थोडी उरली असेल तर द्या.”

“अगदी थेंब न् थेंब संपली हो,” तो हळहळून म्हणाला.

तिच्या मनात पाल चुकचुकली. पण पाल चुकचुकली म्हणून अहवाल लिहिता येत नाही.

४

पहिल्या, झटपट चाचणीचा निकाल आला तो तात्याच्या विरुद्ध. हौदातला गारठ्या आणि भावाच्या तळ्यातला गारठ्या एकाच जातकुळीचे निघाले. मालकीणबाईने फोनवरच सुस्कारा सोडला.

“मी काय म्हणत होते? उद्या त्यांना खोली सोडायला सांगते.”

“थांबा. जातकुळी सारखी म्हणजे माणूस तोच असं होत नाही. सख्खे भाऊही सारखेच दिसतात. मला त्याचा सगळा जीनोम वाचू द्या.”

“आणखी किती वाचणार? मासे तर मेले.”

“माणूस अजून जिवंत आहे,” डॉक्टरीण म्हणाली आणि फोन ठेवला. खडूस असण्याचे असे फायदे असतात.

त्याच दुपारी तात्याच्या बायकोचा फोन आला. ती रडतही नव्हती, इतकी घाबरली होती. तात्या उठून कोणाला न सांगता खोल हौदाकडे गेला होता. कपड्यांनिशी छातीभर पाण्यात उतरून उभा राहिला होता. जावयाने आणि दोन गड्यांनी त्याला बाहेर ओढले.

“जावईबापू लहान मुलासारखे रडत होते, ताई. म्हणत होते, तात्या, असं करू नकोस, मला पाप लागेल.”

फोन ठेवल्यावर डॉक्टरीण त्या वाक्याशी अडकून बसली. तात्या जिवाचे बरेवाईट करून घेईल तर पाप जावयाला का लागावे?

५

जीनोम वाचायचे काम प्रयोगशाळेतल्या तिच्या मैत्रिणीचे. तिला सगळे ‘अक्षरवाली’ म्हणत. गारठ्याचे अख्खे शरीर ज्या सूचनांवर चालते त्या सूचना, अठ्ठावीस लाखांच्या आसपास अक्षरे, ती यंत्रावर वाचून एकाखाली एक मांडायची आणि वर कुरकुरायची की, माझ्या नवऱ्याचे अक्षर यापेक्षा अवघड आहे.

“ये, बस,” ती म्हणाली. “आणि चहा बाजूला ठेव, सांडशील. तुझ्याकडे तीन गारठे आहेत. एक चार वर्षांपूर्वीचा, तुझाच, आपल्या नोंदीतला. दुसरा टेकडीपलीकडचा. तिसरा आताचा, हौदातला.”

“तिघं एका घरातले. ते कळलंय मला.”

“घर एक, पण वयं बघ. गारठ्याची पिल्लं होताना प्रत्येक वेळी नक्कल होते आणि कधीमधी एखादं अक्षर चुकतं. जगत राहिला की चुका साठत जातात, माणसाला सुरकुत्या पडतात तशा. भावाकडच्या गारठ्यात चार वर्षांत डझनभर अक्षरं बदललीत. तो हौदांतल्याच जुन्या साथीतून तिकडे गेला आणि तिकडेच म्हातारा झाला.”

“आणि हौदातला?”

अक्षरवालीने पडद्यावर बोट ठेवले. “एकही नाही.”

“काय एकही नाही?”

“एकही अक्षर बदललेलं नाही. चार वर्षांपूर्वीचा तो आणि हा, हुबेहूब. दोनदा वाचलं. तात्याच्या बुटाला चिकटून आला असता तर भावाकडच्या सुरकुत्या घेऊन आला असता. ह्याचं वयच वाढलेलं नाही.”

“हौदाच्या तळाशी चिखलात झोपून राहिला असेल?”

“चिखलात गाढ झोप लागत नाही गं. अधूनमधून कुशी बदलतो, पिल्लं घालतो, चार-दोन अक्षरं तरी हलतातच. असा ठार झोपायला एकच जागा आहे.”

“डीप फ्रीजर,” डॉक्टरीण म्हणाली.

ती तडक उठली आणि आधी आपल्याच प्रयोगशाळेचा फ्रीजर उघडला. दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी आपले घर झाडावे, एवढी नीती तिच्यात होती. जुन्या गारठ्याच्या त्यांच्या कुप्यांची मोहर शाबूत होती. एकही कुपी कोणी उघडलेली नव्हती.

मग जगात तो गारठ्या गोठवून ठेवलेली दुसरी एकच खोली उरत होती. तिथला गारठ्या पाण्यात पडायच्या आधी फॉर्मलिनने मरत होता. आणि मेल्याची परीक्षा होत होती, आणि परीक्षेत चार वर्षांत कधी काही उगवले नव्हते. का उगवले नव्हते? ती उभ्या उभ्या विचार करत राहिली आणि तिला एकाएकी हाताला लागलेली ऊब आठवली.

६

लसीच्या खोलीत तिने मालकीणबाईला स्टुलावर बसवले. जावई फ्रीजरला टेकून उभा होता.

“तात्यानं गारठ्या आणला नाही,” डॉक्टरीण म्हणाली. “तो याच खोलीतून, सुईतून गेला. थेट पोटात. म्हणून जखमा आतून बाहेर आल्या.”

“तोंड सांभाळून बोला!” मालकीणबाई उसळली. “लस मेलेली असते.”

“यंदाची नव्हती. हौदात एक मादी जगली, वाकड्या जबड्याची. तिचा छोटा पर कातरलेला नाही. टोचलेल्या सगळ्या मेल्या, न टोचलेली एकटी जगली. हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, फक्त डोकं लावलं नाही.”

“पण परीक्षा!” मालकीणबाई जावयाकडे वळली. “तुम्ही परीक्षा घेता ना?”

“घेतात. प्रामाणिकपणे घेतात,” डॉक्टरीण म्हणाली. “कोणत्या पेटीत, ते विचारा. या ओट्यावर चार वर्षं मोठी पेटी होती. तिच्या बुडाचा चौकोन अजून दिसतो. ती आता तात्याच्या घरी कोंबडीची अंडी उबवतेय. कोंबडीच्या अंड्याला लागते ती ऊब माणसाच्या अंगाइतकी. हॉस्पिटलातल्या पेट्या तशाच असतात, कारण माणसांना होणारे बहुतेक जंतू त्याच उबेत वाढतात. हात तिथं सवयीनं गेला. त्या पेटीत गारठ्या जिवंत ठेवा नाही तर मेलेला ठेवा, बशी कोरीच राहणार. परीक्षा चार वर्षं खोटी होती. फॉर्मलिन आपलं काम चोख करत होतं म्हणून निभावलं. यंदा फॉर्मलिनला काय झालं, ते मला माहीत नाही. ते हे सांगतील.”

जावई खाली बघत होता. बोलला तेव्हा आवाज नेहमीसारखाच मृदू होता.

“बाटली थंड खोलीत राहिली. तळाशी पांढरा साका बसला. वरचं नितळ होतं, तेवढंच ओतलं. थंडीत फॉर्मलिनचा दम खाली बसतो, हे मला कुठं माहीत होतं? पहिले मासे मेले तेव्हा उरलेल्या लसीचा थेंब बशीत घालून, बशी पेटीबाहेर, गार कोपऱ्यात ठेवून बघितली. पिवळ्या ठिपक्यांनी भरून गेली. तेव्हा कळलं.”

“आणि उरलेली लस फेकलीत, नवी पेटी आणलीत, जुनी तात्याला दिलीत.”

“त्यांची कोंबडी मेली होती हो,” तो म्हणाला. खरेच त्याला तसेच वाटत असावे. “मी त्याच्यावर आळ घेतला नाही, मॅडम. मी फक्त विचारलं, बूट बुडवलेस का. एवढंच.”

“रोज बूट बुडवणाऱ्या माणसाला,” डॉक्टरीण म्हणाली. तिचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. “चूक झाली तुमच्याकडून, ती कोणाकडूनही होते. पण तो प्रश्न ही चूक नव्हती. तो इतके दिवस उपाशी पडला, रोज तुम्ही चौकशीला जात होता. पाण्यात उतरला, तुम्ही ओढून काढलंत. तेव्हाही तुमच्या तोंडून दोन शब्द निघाले नाहीत?”

“या घरात पाच वर्षं मला हॉस्पिटलवाला म्हणतात. सासूबाई तर पाहुण्यांसमोर म्हणतात. मला वाटलं, तात्याला काय, माफ करून टाकतील त्याला. मला नसतं केलं.”

तात्याला खोली सोडायचा निरोप मालकीणबाईने सकाळीच धाडला होता.

७

तात्याच्या खोलीत सामानाची दोन बोचकी बांधून ठेवली होती. डॉक्टरीण त्याच्या उशाशी खाली बसली आणि सगळे सांगितले: अक्षरे, सुरकुत्या, फ्रीजर, पेटी, सुई. काही गाळले नाही.

तात्याची बायको आधी रडली, मग हसली, मग जावयाला एक सणसणीत शिवी देऊन स्वयंपाकाच्या ओट्याकडे पळाली. ताट वाढल्याचा आवाज आला.

तात्या हळूहळू उठून बसला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. “म्हणजे बुटांनी नाही आला?”

“नाही. तुमचे बूट तुम्ही बुडवलेच असणार, तात्या. आणि नसते बुडवले तरी हा गारठ्या त्यांचा नव्हता. तुमचा काडीचाही दोष नाही.”

“जावईबापूंना ठाऊक होतं?”

“पहिले मासे मेले तेव्हापासून.”

त्याने मान हलवली. राग यायला अंगात जोर लागतो, तो त्याच्यात नव्हता. डॉक्टरणीला मात्र मोकळे वाटले. आता हा जेवेल, उद्या हौदावर जाईल, एका माणसाचा जीव आपण वाचवला, असे तिच्या मनात आले आणि ती उठू लागली.

“बाई,” तात्या म्हणाला, “टोचताना मासा कोण धरतं, ते विचारलंत का?”

ती थांबली.

“एकट्यानं टोचता येत नाही. जावईबापू सुई धरतात, मासा मी धरतो. माशांच्या अंगात बळ असतं, झटापट करतात. मग डोळ्यांवर ओलं फडकं टाकायचं आणि पोटाखाली हात घालून नुसतं थांबायचं. माझ्या हाताची ओळख आहे त्यांना. निवांत होतात. एवढासा होता तेव्हापासून एकेकाला वाढवलंय ना.” त्याने स्वतःच्या तळहातांकडे पाहिले. “ती वाकडी तेवढी फडक्याला बधली नाही. निसटली. मी तिला शिव्या दिल्या होत्या.”

तुम्हाला माहीत नव्हतं, तुम्हाला कसं कळणार, असे काहीबाही डॉक्टरीण बोलली आणि तिचे तिलाच ते पोकळ वाटले.

तात्याच्या बायकोने ताट आणून पुढ्यात ठेवले. त्याने हात धुवायला पाणी मागितले. ती तांब्याने पाणी घालत राहिली आणि तो हात चोळत राहिला, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. तांब्या संपला, तिने दुसरा आणला, तोही संपत आला.

“पुरे झालं हो,” ती म्हणाली. “जेवा आता.”